फरकगुरुजी

काही माणसांना दोन गोष्टी एकसारख्या आहेत असं कुणी म्हटलेलं सहन होत नाही. आपण पंगतीत सहज म्हणावं, "मेथी काय नि शेपू काय, शेवटी पालेभाजीच," आणि शेजारच्या पाटावरच्या माणसानं हातातला घास खाली ठेवावा. तो रागावत नाही. रागावला तर बरं, राग उतरतो तरी. त्याला आपली कीव येते. तो डोळे मिटतो, श्वास घेतो आणि म्हणतो, "फरक आहे." मग तो फरक संपेपर्यंत आपली भाकरी गार होते.

असा एक माणूस प्रत्येक गावात असतोच. नगर जिल्ह्यातल्या आमच्या कर्जतमध्ये हा मान एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांकडे आहे. त्यांचं नाव सांगत नाही, कारण नावातही फरक आहे: शाळेच्या दाखल्यावर एक, सातबाऱ्यावर दुसरं आणि आधार कार्डावर त्याहून निराळ्या ऱ्हस्वदीर्घाचं तिसरं. गाव त्यांना फरकगुरुजी म्हणतं. तोंडावर नुसतं गुरुजी, पाठीमागं फरकगुरुजी. या दोहोंतला फरक त्यांना ठाऊक आहे आणि आतून तो आवडतोही.

उंची बेताची, सदरा पांढरा, मिशी भरघोस. वरच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक काळं, आणि त्यांच्यामध्ये एक भिंग. सकाळी नऊच्या सुमारास ते एस.टी. स्टँडाजवळच्या टपरीवर येतात. दुधाचा चहा आणि चहात घातलेलं दूध यांतला फरक ते टपरीवाल्याला रोज समजावून सांगतात. टपरीवाला रोज "बरोबर हाये गुरुजी" म्हणतो आणि कालचाच चहा पुढं करतो.

गुरुजींना हे कशानं जडलं, यावर गावात दोन मतं आहेत. गावकऱ्यांच्या मते ते जन्मजात आहे. माझ्या मते दोष गावाच्या नावाचा. महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत आणि जगाला त्यांतलं एकच माहीत आहे. ते रायगडातलं, बोरघाटाच्या पायथ्याचं. गाडी तिथं थांबते, चढासाठी मागून इंजिनं लावतात, आणि तेवढ्यात अख्खा डबा वडा खाऊन घेतो. आमच्या कर्जतला रेल्वे नाही, घाट नाही, धबधबा नाही आणि बऱ्याच वर्षी पाऊसही नाही. इथला माणूस मुंबईत जाऊन "मी कर्जतचा" म्हणाला की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग लोकलनंच येत असाल?" गुरुजींच्या स्वतःच्या लग्नात नवरीचा मामा पत्रिकेवरचं "मु. पो. कर्जत" वाचून दादरहून गाडीत बसला आणि भलत्याच कर्जतला उतरला. मुहूर्त टळेपर्यंत तो तिथं मांडव शोधत होता. तो मामा आजही भेटला की म्हणतो, "लग्न हुकलं, पण वडा चांगला होता."

ज्याचं गावच जन्मभर दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत आलंय, त्यानं दुसरं काय करावं? गुरुजींनी फरकाची बाजू घेतली. आणि घेतली ती वकिलानं घ्यावी तशी नाही, फिर्यादीनं घ्यावी तशी.

सिद्धटेकचं घ्या. अष्टविनायकांपैकी पाच पुणे जिल्ह्यात, दोन रायगडात, आणि नगर जिल्ह्यात एकच, भीमेच्या काठचं सिद्धटेक, तालुका कर्जत. त्यात महडचा वरदविनायक नेमका खालापूर तालुक्यात, म्हणजे त्या दुसऱ्या कर्जतच्या बांधाला बांध लावून. गुरुजींना हे फार लागतं. पण आठांत उजव्या सोंडेची मूर्ती सिद्धटेकचीच. हे सांगताना गुरुजींचा आव असा असतो, की सोंड कुठं वळवायची हा ठराव कर्जत पंचायत समितीच्या मासिक सभेत मंजूर झाला असावा.

रेहेकुरीच्या वाटेवर तर त्यांच्या तावडीत सापडू नये. 1980 साली झालेलं हे काळवीट अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाही, पण गुरुजींबरोबर ते बघायला अख्खा दिवस लागतो. पुण्याची मंडळी गाडीतून उतरतात आणि म्हणतात, "वा! हरणं!" संपलं. गुरुजी सुरू होतात. "चितळ हरीण. सांबर हरीण. त्यांची शिंगं दरवर्षी गळतात, पुन्हा येतात. काळविटाची गळत नाहीत. काळवीट भावकीनं गाईचा आणि शेळीचा, चितळाचा नाही." मंडळी कळपाकडं बघतात. आता त्यांना पिळदार शिंगांची शेळी दिसू लागते आणि त्या दिवसाचा आनंद थोडा कमी होतो. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा गुरुजी काही दिवस गप्प होते. नावं दोन आणि जिल्हा एकच, असा उलटा प्रसंग त्यांच्यावर आधी कधी आला नव्हता.

तर अशा या गुरुजींच्या पुढ्यात भाद्रपदात एक पोरगा मोबाईल घेऊन आला. पोराचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, उत्साह दांडगा. आत्याच्या अंगणात घाणेरीच्या फुलांवर त्यानं काहीतरी टिपलं होतं. फुलापुढं हवेत एक बोटभर जीव तरंगतोय, पंख दिसत नाहीत, नुसता धूर. हा फुलात तोंड घालतो, मागं सरकतो, पुढच्या फुलावर जातो.

"गुरुजी, कर्जतमधी हमिंगबर्ड!"

टपरीवर शांतता पसरली. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. फरकाचं काम निघालं की तो गॅस, रॉकेल, काही असो, वाचवतो.

"बसला का कुठं?" गुरुजींनी विचारलं.

"नाय."

"फांदीवर, तारेवर, फुलाच्या देठावर?"

"बसायला टाईमच नाय गुरुजी त्याला."

"मिशा होत्या?"

"पाखराला मिशा?" पोरानं गुरुजींच्या मिशीकडं बघितलं आणि नजर खाली घेतली.

गुरुजींनी व्हिडिओ थांबवला आणि मोबाईलच्या काचेवर भिंग धरलं. डोक्यावर दोन मिशा स्पष्ट होत्या, टोकाकडं जाडसर. "तोंडापुढं काय दिसतंय?"

"चोच. न्हाय, दोरा. उडताना गुंडाळला त्यानं. जिलबीगत."

"पक्षी चोच गुंडाळत नाही," गुरुजी म्हणाले. निकाल लागला होता, पण निकालपत्र अजून वाचायचं होतं.

हमिंगबर्ड, गुरुजींनी सांगितलं, आज रानात आढळतात ते फक्त दोन्ही अमेरिका खंडांत. साडेतीनशेच्या वर जाती, पण एकीनंही इकडं बिऱ्हाड केलेलं नाही. ("हितं टँकरनं पाणी. येतील कशाला?" असं कुणीतरी बाकावरून म्हणालं, ते त्यांनी कानाआड केलं.) भारतात लोक हमिंगबर्ड बघितला म्हणतात तेव्हा त्यांनी दोहोंपैकी एक बघितलेला असतो. एक तर शिंजीर, म्हणजे जांभळा सूर्यपक्षी. नाही तर दिवसा उडणारा हॉक मॉथ, म्हणजे पतंग. यांतला पहिला पक्षी आहे पण हमिंगबर्ड नाही, दुसरा पक्षीच नाही. शिंजिराचं नातं चिमणीशी जवळचं आणि हमिंगबर्डचं पाकोळीशी. दोघं मध पितात म्हणून भाऊ ठरत नाहीत. "तसं धरलं तर या टपरीवर बसलेले सगळे सख्खे भाऊ." बाकावरच्या दोघांचा बांधावरून कोर्टात दावा चालू होता. ते एकमेकांकडं बघून गप्प राहिले.

पोराचं तोंड उतरलं. तेव्हा गुरुजींनी मायेनं त्याला हेन्री बेट्सची गोष्ट सांगितली. हा इंग्रज कीटकांचा जाणकार, ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं राहिलेला. 1863 साली त्याचं पुस्तक आलं, त्यात त्यानं सरळ लिहून टाकलंय की आपण हमिंगबर्ड समजून बंदूक झाडायचो आणि खाली पतंग पडायचा, तेही एकदा नाही, कितीदा तरी. तिथली माणसं तर छातीठोक सांगायची की या पतंगाचाच पुढं पक्षी होतो.

पोरगा खुलला. "मग माझं काय चुकलं? सायबाला बी कळलं नाय."

"बेट्स चुकला तो हमिंगबर्ड असलेल्या मुलखात. तू चुकलास तो नसलेल्या मुलखात. फरक आहे."

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंच्या अंगणात पंचनामा ठरला. मीही गेलो. असल्या कार्यक्रमांना आमच्याकडं तिकीट नसतं आणि संध्याकाळी पाचनंतर दुसरं कामही नसतं.

अंगण छान होतं. कुंपणाला घाणेरी, दाराशी जास्वंद, लिंबोणीचं एक झाड आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेला अनंत. पतंग वेळेवर आला. जवळून बघितल्यावर पोरगाही मान्य करेल असा थाट होता: अंग हिरवट, कमरेला लालसर पट्टा, शेपटाशी काळा झुबका आणि पंख चक्क काचेचे, पलीकडचं पान दिसावं इतके आरपार. गुरुजी कुजबुजत सांगू लागले. कुजबुज त्यांच्या वर्गातली होती, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारी. हा कोषातून निघतो तेव्हा पंखांवर खवले असतात, पण पहिल्याच उड्डाणात ते झडून जातात. या हॉक मॉथांना उडण्याआधी अंग तापवावं लागतं, म्हणून ते जागच्या जागी थरथरतात. युरोपातून जपानपर्यंत पसरलेला यांचा एक भाऊबंद सेकंदाला सत्तर-ऐंशी वेळा पंख मारतो, त्याचीच ती गुणगुण. गळा नाही, गाणं नाही, जो काय आवाज तो कष्टाचा.

"आणि हे आपलं शिंजीर." गुरुजींनी जास्वंदीकडं बोट केलं. तिथं एक पिवळट पक्षी देठावर ऐसपैस बसला होता, गळ्यापासून पोटावर एक काळी रेघ. फुलाच्या तोंडाशी जायची तसदी न घेता त्यानं बुडाशी चोच खुपसली आणि मध ओढला.

"ही तर चोरी झाली," आत्याबाई म्हणाल्या.

"चोरीच. दारातून गेलं असतं तर परागकण अंगाला लागले असते, फुलाचं काम झालं असतं."

"पण गुरुजी," पोरगा म्हणाला, "शिंजीर तर काळं निळं आसतंय, चमकतं. हे पिवळं."

गुरुजींचा चेहरा उजळला. मास्तराला असा प्रश्न वर्षातून एखादाच मिळतो. "तोच नर आहे हा. विणीचा हंगाम संपला की तो झगमगीत पोशाख उतरवून ठेवतो, रेघेपुरता शिल्लक ठेवतो. फाल्गुनात बघ, पुन्हा नवरदेव." शिंजिराचं वजन पाच ते दहा ग्रॅम. मधावर जगतो म्हणतात, पण पिलांना भरवायला किडे आणि कोळी लागतात. घरटं मादी एकटी बांधते, कोळ्याच्या जाळ्यात वाळकी पानं, सालपटं, काटक्या ओवून लोंबती पिशवी करते आणि दाराला वर पुढं आलेली पडवी काढते. अंडीही तीच उबवते. नर तोवर गातो. यावर आत्याबाईंनी "हं" केलं. त्या हुंकारात त्यांच्या संसाराचा बराच भाग येऊन गेला.

मग अर्थात डार्विन आला. गुरुजींची गाडी अशा वळणावर थांबत नाही. मादागास्करच्या एका आमरीच्या फुलात वीतभराहून खोल मध असतो, हे बघून डार्विननं 1862 साली सांगून टाकलं की एवढ्या लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे. लोकांनी चेष्टा केली. 1903 मध्ये त्या पतंगाची नोंद झाली, तेव्हा डार्विन जाऊन एकवीस वर्षं झाली होती. "न बघता ओळखला त्यानं. आणि आपण बघूनही..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं आणि पोराकडं बघितलं.

आत्याबाईंनी या सगळ्या वेळात चहा टाकला होता. कप पुढं करत त्या म्हणाल्या, "त्या काचंच्या पंखाचं ठाऊक न्हाई बाई, पर ह्या अनंतावर लई अळ्या पडत्यात बगा. हिरव्यागार, शेपटाला काटा असलेल्या. काल चांगल्या पाच-सात चिमट्यानं उचलून कोंबड्यांना घातल्या."

गुरुजींचा कप बशीत आपटला. अनंताच्या पानांवर वाढणारी, शेवटाशी शिंगासारखा काटा असलेली ती निरुपद्रवी अळी म्हणजे याच पतंगाचं बाळपण. आणि त्या धक्क्यात ते ओरडले, "आहो, तुम्ही हमिंगबर्ड कोंबड्यांना घातलेत!"

हे वाक्य कर्जतमध्ये अजून जिवंत आहे. हॉटेलात अंडाकरी मागवताना पोरं विचारतात, "कोंबडी हमिंगबर्ड खाल्लेली हाये का साधी?"

दुसरा माणूस महिनाभर टपरीवर फिरकला नसता. गुरुजी दुसऱ्या दिवशी नऊ वाजता हजर. त्यांचं म्हणणं, घाईत तोंडून निसटलेला शब्द आणि चुकीचं ज्ञान यांत फरक आहे. मला हे पटलं. गावाला पटलं नाही, पण गावाचं काय, गावाला पटणं आणि गावाला सोयीचं असणं या दोन गोष्टी... असो. संगत लागते.

त्या हिवाळ्यात हरभरा घाट्यावर आला तेव्हा मात्र त्यांना तोडीस तोड भेटला. एक शेतकरी टपरीवर आला, घाटेअळीनं वैतागलेला. गुरुजींनी पतंगांची बाजू घेतली: सगळ्या पतंगांना एका माळेत ओवू नका, घाटेअळीचा पतंग वेगळा, रात्री हिंडणारा, मातकट रंगाचा. त्याची मादी शेकड्यांनी अंडी घालते, पिकाचं नुकसान त्यांतून निघालेली अळी करते. अनंतावरचा तो बिचारा तुमच्या हरभऱ्याकडं ढुंकूनही बघत नाही.

शेतकऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुरुजी, कृषी खात्यानं सांगितलं म्हणून रानात पक्षीथांबे रोवल्यात. त्येच्यावर कोतवाल येऊन बसतंय. अळी दिसली की अळी, पतंग दिसला की पतंग. कोंच्या भावकीचा, इचारीत न्हाई. तेवढा एकच प्राणी आमच्या कामाचा हाये."

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "चवीत कळत असेल त्याला."

फाल्गुन आला. शिंजिरानं सांगितल्याप्रमाणे पोशाख बदलला आणि गुरुजींच्या दारातल्या शेवग्यावर मुक्काम ठोकला. उन्हात अंगावर जांभळा-निळा रंग पेटायचा आणि सकाळपासून त्याची चिविट-चिविट चालू. मादीनं कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला पिशवी विणायला घेतली. गुरुजींच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, ती तार सोडून दिली, धुणं गच्चीवर न्यायला लागल्या आणि यावर कसलंही भाषण केलं नाही.

शेवग्याखाली गुरुजींची मोटारसायकल असते. तिच्या उजव्या आरशात नराला दुसरा नर दिसला. झालं. तो आरशावर चालून गेला. चोच आपटायचा, माघारी जायचा, आरशाच्या कडेवर बसून मागं कोण आहे ते बघायचा, कुणी नाही म्हटल्यावर आणखी चिडायचा. उजवीकडचा शत्रू आटोपला नाही तोच डावीकडच्या आरशात दुसरा निघाला. दोन्ही आरसे शिटून पांढरे झाले. विणीच्या दिवसांत नर आपली हद्द राखतो आणि काचेतला जीव आपलाच आहे हे त्याला उमगत नाही, हे गुरुजींना पुस्तकातून ठाऊक होतं. पण पुस्तकातला शिंजीर आणि स्वतःच्या गाडीवरचा शिंजीर यांत फरक असतोच.

पहिले दोन दिवस त्यांनी समजावून बघितलं. खरंच. मी फाटकात उभा होतो. आरशाला फडका मारत ते शेवग्याकडं बघून म्हणत होते, "अरे बाबा, तो तूच आहेस. तू आणि तो वेगळे नाही."

काकू गच्चीवरून धुणं टाकत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अहो, जन्मभर फरक सांगितलात, आता फरक नाही हे सांगायला लागलात होय?"

गुरुजींनी आत जाऊन पायमोजे आणले. उजव्या आरशाला तपकिरी, डाव्याला काळा, कारण ते दोन आरसे एकच नव्हेत. लढाई थांबली. नर शेवग्यावर जाऊन गाऊ लागला. गाडीवरचे मोजे मात्र निघेनात, कारण काढले की पाच मिनिटांत पुन्हा हल्ला. त्या मोज्यांसकट गुरुजी बाजारात जायचे, पोस्टात जायचे. पोरं म्हणायची, "गुरुजींच्या गाडीला सर्दी झालीय." चैत्रात ते राशीनला देवीच्या दर्शनाला निघाले, मोजे तसेच. वाटेत एका पोलिसानं हात केला.

मी मागं बसलो होतो, म्हणून हे ऐकीव नाही. पोलिसानं मोज्यांकडं बोट दाखवलं. गुरुजी गाडीवरून उतरले, त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि मुळापासून सुरुवात केली. शिंजीर, हॉक मॉथ, हमिंगबर्ड, बेट्स, अनंताची अळी. कोंबड्या तेवढ्या गाळल्या. पोलीस तरुण होता, घरचा संस्कार चांगला असावा, त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. एकदा तर त्यानं विचारलंही, "मग आमच्या क्वार्टरमागं संध्याकाळी येतंय ते काय हो गुरुजी, भुंग्यावानी?" गुरुजींनी मिशांबद्दल चौकशी केली. होत्या. पतंग ठरला. दोघांचं चांगलं जमलंय असं बघून मी खिशातला हात बाहेर काढला.

शेवटी गुरुजी मुद्द्यावर आले. "तर साहेब, माझ्या गाडीला आरसे आहेत, ते फक्त झाकलेले आहेत. आरसा नसणं आणि आरसा झाकलेला असणं, यात फरक आहे."

पोलिसानं मान डोलावली. "आहे ना गुरुजी," तो म्हणाला आणि मशीन काढलं. "दंडात नाही."